पाच तळ्यांची एकेरी वाट

रित्सुकोने ही वाट निवडली ती तिथे दार नाही म्हणून. तळी, पाण्यात उलटे पडलेले बर्फाचे डोंगर, हे सगळं तिचं शाळेच्या सहलीत पाहून झालं होतं. शारी गावच्या माणसाला त्याचं फारसं कौतुक नसतं. बाहेरगावचे लोक विमानाचं तिकीट काढून येतात आणि आपण पाहुण्यांबरोबर नाइलाजाने जातो, एवढंच. पण अस्वलं फिरती असतात त्या दिवसांत, मे ते जुलै, तळ्यांच्या या जंगली उद्यानाचे नियम निराळे असतात. दहाजणांचा गट, पुढे वाटाड्या आणि वाट एकेरी. पाचव्या तळ्याच्या अंगाने आत शिरायचं, मग चौथं, तिसरं, दुसरं, पहिलं करत समुद्राकडच्या लाकडी पुलावरून बाहेर पडायचं. वाटाड्या म्हणेल त्याशिवाय मागे फिरायचं नाही, पुढे पळायचं नाही, गट सोडायचा नाही. असे तीन तास. तेवढ्या वेळात आईला उठून आत जाता येणार नाही आणि दार लावून घेता येणार नाही.

घरी तेच व्हायचं. नको असलेला विषय निघाला की तिची आई किनुको काठी टेकत उठायची, आतल्या खोलीत जायची आणि कागदी दार सरकवून घ्यायची. मग आतून टीव्हीचा आवाज. दाराबाहेर ठेवलेलं ताट जसंच्या तसं. दोन दिवस, कधी तीन. सकाळी कुकरमधला भात चार घास कमी झालेला असायचा, पण त्याबद्दल दोघीही अवाक्षर काढत नसत. शेवटी रित्सुकोच दारासमोर गुडघे टेकून बसायची आणि म्हणायची, "बरं आई, नाही जात मी कुठे." शेहेचाळीस वर्षांची, मासेमारी संघाच्या कचेरीत बावीस वर्षं काढलेली, बंदरावरच्या दांडगट नावाड्यांना दमात घेणारी बाई त्या एका कागदापुढे हरायची.

घर सोडण्याच्या बेतातही ती दोनदा हरली होती. पहिल्यांदा साप्पोरोत नोकरी लागली होती. खोली भाड्याने घेतली, गादीसुद्धा घेतली, आणि नवव्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन आला की आई जिन्यावरून पडली, गुडघा गेला. ती परत आली ती आलीच. त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून आईच्या हातात काठी आहे. दुसऱ्यांदा, चार वर्षांपूर्वी, बॅग भरून दाराशी ठेवली होती तर आईला चक्कर आली.

ही तिसरी वेळ होती. काही तासांवरच्या तोकाचीत आकासेसानच्या चीजच्या कारखान्यात ती तीन वर्षं सुट्टी काढून जात होती, घरी 'कचेरीचं प्रशिक्षण' असं सांगून. आकासेसान म्हणजे सत्तरीचा तिरसट म्हातारा, बारा गायी आणि दगडी तळघर. त्याला आता हाताखाली कायमचं माणूस हवं होतं. त्याने रित्सुकोला आणि आणखी एका मुलीला हेरून ठेवलं होतं. "शुक्रवारी पाचच्या आत फोन करा," तो म्हणाला होता. "पाचला मी धारा काढायला जातो, जाण्याआधी कोणाला तरी हो म्हणून जाणार. आणि एक सांगतो. आधी घरी सांगा, मग मला सांगा. घरून लपून आलेलं माणूस परत जातं. मला परत जाणारं माणूस नको." त्याचे पाच म्हणजे पाच. एकदा ती चार मिनिटं उशिरा पोचली होती तर त्याने तिला दिवसभर नुसती भांडी घासायला लावली होती.

आज शुक्रवार होता. दीडचा गट. फार तर साडेचारला पुलावर, तिथे मोबाइलला रेंज येते. जंगलात येत नाही. हिशोब चोख होता.

आत सोडण्याआधी वाटाड्याने सगळ्यांना बाकांवर बसवून नियम सांगितले. त्याचं नाव तोगाशी. पस्तिशीचा, काटकुळा, उन्हाने रापलेला. खाण्याचे पदार्थ लॉकरमध्ये ठेवायला लावले, तेव्हा आईने पिशवीतून भाताचे तीन गोळे काढून असे ठेवले की जणू लेक सासरी निघाली.

"अस्वल दिसलं तर काय करायचं नाही?" तोगाशीने विचारलं.

"पळायचं नाही," सगळे शाळेतल्यासारखे म्हणाले.

"ओरडायचंही नाही आणि चिडीचूपही बसायचं नाही. अस्वलाला माणसाची भीड असते. इथे माणसं आहेत हे कळलं की ते बहुतेक वेळा आपण होऊन बाजूला होतं. म्हणून बोलत राहायचं. साध्या आवाजात. घरी जेवताना बोलता तसं."

"आमच्याकडे जेवताना कोणी बोलत नाही," आई म्हणाली. सगळे हसले. रित्सुको हसली नाही.

"आजी, तुमचा गुडघा झेपेल ना?" तोगाशीने काठीकडे पाहत विचारलं.

"आजी? मला कुठे नातवंडं दिसली तुला? हिने लग्न केलं असतं तर झाले असते मी आजी."

"चुकलं, काकू."

"काकू चालेल. आणि माझ्या गुडघ्याची काळजी करू नकोस. माझी मुलगी आहे ना त्याला."

गट निघाला. सगळ्यांत पुढे तोगाशी, त्याच्या मागे लगेच आई, कारण सगळ्यांत हळू चालणारा पुढे आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालायचं हाही नियम. आईमागे रित्सुको. तिच्यामागे सेंदाईहून आलेले निवासर, निवृत्त मुख्याध्यापक, आणि त्यांच्या पत्नी. मग एक नवं लग्न झालेलं जोडपं, कोणाशीही न बोलणारे तीन छायाचित्रकार आणि सगळ्यांत शेवटी एक बँकेतली बाई. तोगाशी दर वळणाला टाळ्या वाजवत "होऽऽय, होऽऽय" अशी हाळी घालायचा. वाट सपाट होती, चिखल थोडासा, लहान पोरही चालेल अशी. दोन्ही बाजूंनी अंगाला लागेल इतकं दाट बांबूचं खुरटं रान. त्यातून बाजूला व्हायला जागाच नव्हती.

पाचव्या तळ्याशी सगळे फोटो काढायला थांबले. रित्सुको आईजवळ सरकली. "आई, मला तुझ्याशी जरा बोलायचं होतं."

"बोल की," आई म्हणाली आणि लगेच मागे वळली. "ऐकलंत का निवासर, ही सकाळपासून म्हणतेय बोलायचंय, बोलायचंय. घरी वेळच मिळत नाही हिला. कचेरी, मग बाजारहाट, मग माझ्या गुडघ्याला शेक. अकरा वर्षं, एक दिवस चुकवलेला नाही."

"वा!" निवासर म्हणाले. "अशा मुली आता राहिल्या नाहीत."

"आमची टोकियोला असते," निवाबाई म्हणाल्या. "नवीन वर्षाला एक कार्ड पाठवते. तेही छापील."

"तुम्ही नशीबवान हो किनुकोसान."

"आहेच मी," आई म्हणाली.

कौतुक करणाऱ्या माणसाला तोडून बोलता येत नाही. रित्सुकोने मान लववली आणि आभार मानले. चौथ्या तळ्याशी तिने पुन्हा प्रयत्न केला. तिथे नवविवाहित मुलीने आईची काठी धरून तिला ओंडक्यावर बसवलं आणि म्हणाली, "मलाही म्हातारपणी ताईंसारखी मुलगी हवी." नवरा म्हणाला, "आधी तरुणपणी तर होऊ दे." पुन्हा हशा. रित्सुकोला वाटलं, ही माणसं गोड बोलून एकेक वीट आणून ठेवतायत आणि भिंत माझ्याभोवती उभी राहतेय. घरी निदान एक दार होतं आणि ते आईच्या बाजूने बंद व्हायचं. इथे पुढे आई, मागे आठ कौतुक करणारी माणसं आणि बाजूला रान. सापळा तिने स्वतः निवडून, आगाऊ नाव नोंदवून, हसतमुखाने लावला होता आणि स्वतःच त्यात येऊन बसली होती.

तीन वीसला ते तिसऱ्या तळ्यापाशी पोचले. तिथे तोगाशीने टाळी वाजवायला उचललेले हात तसेच हवेत ठेवले.

वाटेवर, साठ-सत्तर पावलांवर, अस्वल बसलं होतं. आडवंतिडवं, ऐसपैस. पाण्याच्या कडेला मिझुबाशोची कोबीसारखी मोठाली पानं वाढली होती, ती उपटून ते खात होतं. भुरकट अंग, खांद्यावर मोठा उंचवटा. त्याने मान वर करून या लोकांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घालून खायला लागलं.

"थांबा," तोगाशी अगदी सहज म्हणाला. "जवळ जवळ या. काठ्या, छत्र्या, कॅमेऱ्याचे दांडे खाली ठेवा. काही उगारल्यासारखं दिसायला नको."

आईने काठी शेजारच्या सूचिपर्णी झाडाला टेकवून ठेवली आणि रित्सुकोचा दंड घट्ट धरला. तोगाशीने वायरलेसवर हळू आवाजात विचारपूस केली. मागून येणाऱ्या गटाच्या वाटाड्याचा खरखरीत आवाज आला. चौथ्या तळ्याशी एक मादी दोन पिल्लं घेऊन वाटेवर आली आहे, आम्ही आमचा गट बाहेर काढतोय, तुम्ही मागे येऊ नका.

"म्हणजे?" निवाबाईंनी विचारलं.

"म्हणजे पुढेही जाता येत नाही आणि मागेही," तोगाशी म्हणाला. "घाबरू नका. थांबायचं. याचं पोट भरलं की जाईल."

"किती वेळ लागतो पोट भरायला?" रित्सुकोने विचारलं.

"ते त्याच्यावर आहे, ताई."

मग थांबणं सुरू झालं. तोगाशी बोलत राहिला. अस्वलाला ऐकू जाईल अशा बेताने झाडांची नावं सांगितली, पक्ष्यांची सांगितली, स्वतःच्या मोटारीचा गिअर कसा अडकतो ते सांगितलं. अस्वल खात राहिलं. पावणेचार झाले. चार झाले. सव्वाचार झाले. रित्सुको घड्याळ पाहायची, मग अस्वलाकडे, मग पुन्हा घड्याळ. तिचा जीव टांगणीला लागला होता आणि तो कशासाठी हे इथे एकालाही माहीत नव्हतं. तोकाचीत आकासेसान आता बूट चढवत असेल. सकाळपासून 'होऽऽय' करून करून तोगाशीचा घसा बसत चालला होता. शेवटी नुसती हवा बाहेर यायला लागली.

"माफ करा," तो कसाबसा म्हणाला. "आता कोणीतरी बोला. काहीही. गप्प बसायचं नाही. ते आपल्याला विसरलं आणि चालत इकडेच आलं तर पंचाईत होईल."

आणि मग जे झालं ते आपल्याच लोकांत होऊ शकतं. निवासर नवविवाहित मुलाकडे वळून कमरेत वाकले, "आपण बोला." तो त्यांच्याहून खाली वाकला, "छे छे, सर, आपण ज्येष्ठ." सरांनी छायाचित्रकारांकडे हात केला, "यांनी जग पाहिलंय." छायाचित्रकारांनी बँकेतल्या बाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझं कसलं बोलणं, तुमचा वेळ जायचा." पुढे अस्वल बसलेलं आणि नऊ माणसं एकमेकांना 'पहिले आपण' करत माना लववतायत. मग विनय करायलाही कोणी उरलं नाही आणि सगळे मूग गिळून बसले. शांतता पसरली. पानं चावल्याचा कचकच आवाज ऐकू यायला लागला. अस्वलाने मान वर केली आणि नाक हवेत धरलं. आईची नखं रित्सुकोच्या दंडात रुतली.

"नमस्कार," रित्सुको म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने कोणाकडेच पाहिलं नाही.

"नमस्कार, अस्वलदादा. मी शारीची रित्सुको. वय शेहेचाळीस. मासेमारी संघाच्या कचेरीत असते." पहिल्या दिवशी नव्या कचेरीत उभं राहून ओळख करून देतात तसा तिचा आवाज निघाला, सपाट आणि स्पष्ट. "तुम्ही वाटेत बसलाय. बसा बापडे, घर तुमचं आहे. पण मला पाचच्या आत एक फोन करायचाय. इथे रेंज नाही. पुलावर आहे. पाचच्या आत केला नाही तर माझी जागा दुसऱ्या मुलीला जाईल."

"छान," तोगाशी पुटपुटला. "आवाज अस्साच ठेवा."

"तोकाचीत आकासेसान म्हणून आहेत. ते चीज करतात. मीही करते. तीन वर्षं झाली. कचेरीचं प्रशिक्षण म्हणून आईला सांगत होते ते खोटं होतं. दूध नेमकं कधी फाटतं ते माझ्या हाताला कळतं, ते म्हणतात की असा हात वीस वर्षांत पाहिला नाही. मला तिथे जायचंय. कायमचं. माझी आई इथे माझ्या डाव्या हाताला उभी आहे. तिला मी हे सकाळपासून सांगायला बघतेय. सकाळपासून कसलं, अकरा वर्षांपासून."

"रित्सुको!"

"काकू, आवाज चढवू नका," तोगाशी म्हणाला.

आईने आवाज उतरवला. "रित्सुको. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. अस्वलही ऐकतंय."

"घरी बोलायचं होतंस."

"घरी दार आहे."

आईने तोंड फिरवलं. तोगाशीने हाताने खूण केली, बोला, बोला. अस्वल अजून नाक वर करूनच होतं.

"काकू, काहीतरी बोला हो," नवविवाहित मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"काय बोलू?" आई म्हणाली. मग तिनेही अस्वलाकडेच पाहिलं, लेकीकडे पाहण्यापेक्षा ते सोपं होतं. "मी किनुको. चौऱ्याहत्तर. हिची आई. ही साप्पोरोला गेली होती तेव्हा नऊ दिवस मी मोरीपाशी उभ्या उभ्या जेवले. एकटीसाठी काय टेबल मांडायचं? आमचं घर फार मोठं आहे. हिचे वडील गेल्यावर आणखी मोठं झालं. वरच्या मजल्यावर कोणी चालत नाही ना, तर ते न चालणं ऐकू येतं. मला भीती वाटते त्या घराची. झालं. सांगितलं."

रित्सुकोला गलबलून आलं आणि त्याच क्षणी संतापही आला, कारण हेच, अगदी हेच एक वाक्य, तिने दारासमोर बसून अकरा वर्षं मागितलं होतं.

"मग मला हे का नाही सांगितलंस?" तिने त्याच जेवतानाच्या आवाजात विचारलं.

"सांगितलं असतं तर तू राहिली असतीस?"

"माहीत नाही."

"बघ. गुडघ्यासाठी राहिलीस. भीतीसाठी कोण राहतं?" आईने ओठ पुसले. "आणि ऐक. तू जा, सुखाने जा, असलं काही मी म्हणणार नाही. माझ्याकडून ते येणार नाही. तेवढ्या मोठ्या मनाची मी नाही."

"मी तुला ते विचारतही नाहीये."

"विचारू नकोस."

निवाबाई रुमालात तोंड घालून हुंदके देत होत्या. त्यांची टोकियोची मुलगी त्यांना आठवली असावी. अस्वलाने आणखी दोन पानं खाल्ली, उठलं, अंग झाडलं आणि समुद्राच्या बाजूच्या रानात घुसलं. बांबू हलले, मग आणखी पलीकडचे हलले, मग थांबले. त्याला यांच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं जेवण झालं होतं.

तोगाशीने दहा मिनिटं थांबून टाळ्या वाजवल्या, कानोसा घेतला, वायरलेसवर विचारलं. "पुढूनच बाहेर पडायचं. सगळे जवळ जवळ. पळायचं नाही."

चार पस्तीस.

"पुलापर्यंत किती?" रित्सुकोने विचारलं.

"आपल्या चालीने पाऊण तास, ताई."

"आणि जोरात चाललं तर?"

तोगाशीने ओशाळून आईच्या पायांकडे पाहिलं. "वीस मिनिटं. पण गट तोडता येत नाही. तुम्हाला एकटीला पुढे सोडलं तर माझा परवाना जाईल. सगळ्यांत हळू माणूस पुढे, बाकीचे मागे. मी काय करू?"

रित्सुकोने मान हलवली. तिला रडू येत नव्हतं. आतून सगळं बसल्यासारखं झालं होतं. तिने तोंड उघडून सांगितलं, नऊ परक्या माणसांसमोर सांगितलं, आणि आता ती आईच्या चालीने, एक पाय, एक काठी, एक पाय, असं चालत पाच वाजून वीस मिनिटांनी पुलावर पोचेल. वाट दीड हातभर रुंद होती आणि तिच्यात आई उभी होती.

आईने टोपीची दोरी हनुवटीखाली घट्ट केली.

"चला," ती म्हणाली आणि चालायला लागली.

पहिली वीस पावलं रित्सुकोच्या लक्षात काही आलं नाही. तिला दोघींमध्ये अंतर पडतंय एवढंच जाणवलं. आई पुढे गेली होती. तोगाशीच्या टाचेला टाच लावून, कोपरं हलवत, चपळ बायका बाजारात गर्दीतून वाट काढतात तशी ती चालली होती. मुळांवरून पाय उचलून टाकत होती. चिखल आला तर लांब ढांग टाकत होती. तोगाशीने एकदा मागे वळून पाहिलं आणि मुकाट्याने वेग वाढवला. निवासरांना धाप लागली. "किनुकोसान, जरा..." ते म्हणाले, पण किनुकोसान ऐकत नव्हती. दुसरं तळं आलं, त्यात डोंगर उलटा पडला होता, कोणी थांबलं नाही. पहिलं तळं आलं. आई लंगडत नव्हती. रित्सुको तिच्या उजव्या गुडघ्याकडे पाहत चालली होती. अकरा वर्षं रोज जो गुडघा तिने मांडीवर घेऊन शेकला, चोळला, पट्ट्याने बांधला, तो समोर मुकाट्याने वाकत होता आणि सरळ होत होता, वाकत होता आणि सरळ होत होता. तिला त्याची प्रत्येक शीर पाठ होती, आणि आता तो गुडघा तिला अनोळखी वाटला.

लाकडी पुलावर पाय ठेवला तेव्हा चार छप्पन्न झाले होते. खिशात मोबाइल थरथरला, रेंज आली होती. आकासेसानने दुसऱ्याच घंटेला उचलला.

"घरी सांगितलं?" त्याने नमस्कार न करताच विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

रित्सुकोने आईकडे पाहिलं. ती कठड्याला टेकून श्वास घेत होती. चेहरा लालबुंद, केस विस्कटलेले. "ती हो म्हणाली नाही," रित्सुको म्हणाली. "पण मी येतेय. परत जाणार नाही."

"एक तारखेला या. गम बूट आणा." फोन बंद झाला.

नवविवाहित जोडप्याने टाळ्या वाजवल्या, मग इथे टाळ्या फक्त अस्वलाला हाकलायला वाजवतात हे आठवून लाजले. तोगाशी माणसं मोजत होता. मोजता मोजता त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"काकू! तुमची काठी! ती तिकडेच राहिली, तिसऱ्या तळ्याशी, झाडाला. आता मागे जाता येत नाही हो. उद्याच्या पहिल्या गटाबरोबर आणून देतो."

"राहू दे," आई म्हणाली.

तोगाशी पुढे गेला. बाकीचेही एकेक करून पुढे सरकले, निवाबाई तेवढ्या वळून वळून पाहत होत्या. आई विसरली होती की तिने मुद्दाम ठेवली होती, हे रित्सुकोला कळेना. विचारायचा प्रश्न तो नव्हताच.

"आई," तिने विचारलं. अस्वल केव्हाच गेलं होतं, तरी आवाज तोच निघाला, साधा, सपाट. "कधीपासून?"

आईने तळ्याकडे पाहत उजव्या गुडघ्यावरून एकदा हात फिरवला.

"पहिली दोन वर्षं खरंच दुखत होता," ती म्हणाली.

दार असतं तर रित्सुकोने ते आज स्वतः ओढून घेतलं असतं आणि तीन दिवस उघडलं नसतं. पण पुलावर दार नव्हतं, आणि मागे जायची वाट नव्हती. ती आईच्या मागोमाग चालू लागली.